बारा मैल, दोनशे मैल : नीरू चढ्ढा यांच्या कारकिर्दीतून समजून घेऊया समुद्राचा कायदा

जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात समुद्राच्या तंट्यांसाठी एक वेगळं न्यायालय आहे. त्याचं पूर्ण नाव 'आंतरराष्ट्रीय सागरी कायदा न्यायाधिकरण'. तिथे वेगवेगळ्या देशांचे २१ न्यायाधीश बसतात आणि प्रत्येकाची मुदत नऊ वर्षांची असते. भारताच्या नीरू चढ्ढा २०१७ मध्ये तिथे निवडून गेल्या. त्यांची मुदत ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत आहे, आणि म्हणून या जागांच्या निवडणुकीची चर्चा पुन्हा सुरू झाली आहे.

अशी बातमी आपल्याकडे आतल्या पानावर चार ओळींत येते आणि वाचून सोडून दिली जाते. समुद्राला वेगळं न्यायालय कशाला हवं, तिथे भारताचं काय अडलंय, आणि या बाई कोण? सुरुवात शेवटच्या प्रश्नापासून करू. परराष्ट्र खात्यात काम करताना भारताचे समुद्राविषयीचे दोन मोठे खटले त्यांनी सांभाळले. ते दोन खटले नीट समजले की समुद्राचा कायदा बराचसा उलगडतो. त्याआधी थोडा मैलांचा हिशेब करावा लागेल.

आधी मैलांचा हिशेब

समुद्रावरचा मैल रस्त्यावरच्या मैलापेक्षा मोठा असतो. एक सागरी मैल म्हणजे १.८५२ किलोमीटर. ही मोजणी किनाऱ्यालगतच्या 'आधाररेषे'पासून होते. आधाररेषा म्हणजे साधारणपणे पूर्ण ओहोटीला पाणी जिथवर मागे जातं ती रेषा.

तिथून १२ सागरी मैलांपर्यंतचा पट्टा 'प्रादेशिक समुद्र'. इथे देशाची सत्ता जवळपास जमिनीवर असते तशीच चालते. परदेशी जहाजाला शांतपणे निघून जाण्याची मुभा असते, पण कायदा आपला. २४ मैलांपर्यंत जकात, तस्करी, बेकायदा प्रवेश अशा गोष्टींवर कारवाई करता येते. २०० मैलांपर्यंत, म्हणजे सुमारे ३७० किलोमीटरपर्यंत, 'अनन्य आर्थिक क्षेत्र' पसरलेलं असतं. त्यातली मासळी, तळाखालचं तेल आणि वायू यांवर हक्क किनाऱ्यावरच्या देशाचा. जहाजं मात्र जगातल्या कुठल्याही देशाची तिथून बिनदिक्कत जाऊ शकतात.

ज्याच्या शेतातून वहिवाटीची वाट जाते त्याला हे लगेच समजेल. शेत तुमचं, पीक तुमचं, विहिरीचं पाणीही तुमचं. पण वाटेनं जाणाऱ्याला तुम्ही अडवू शकत नाही, आणि वाटसरूला तुमच्या पिकाला हात लावता येत नाही. अनन्य आर्थिक क्षेत्राचं सगळं सूत्र एवढंच आहे. भांडणं होतात ती शेजाऱ्याचा बांध कुठे लागतो यावरून, नाहीतर वाटेवर कोणी कोणाला मारलं तर न्याय कोणी करायचा यावरून. चढ्ढांचे दोन खटले नेमके या दोन प्रकारांतले होते.

ही व्यवस्था १९८२ च्या संयुक्त राष्ट्रांच्या सागरी कायदा करारात लिहिलेली आहे. जमैकातल्या माँटेगो बे इथे त्यावर सह्या झाल्या, १९९४ मध्ये तो लागू झाला आणि १९९५ मध्ये भारताने त्याला मान्यता दिली. भारताने आपला कायदा मात्र या कराराच्या सहा वर्षं आधी, १९७६ मध्येच केला होता. १२, २४ आणि २०० हे तिन्ही आकडे त्यात तेव्हाच आले होते.

मुंबईसमोरच्या तेलावर आपला हक्क कसा?

बॉम्बे हाय मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर पश्चिमेला आहे, म्हणजे १२ मैलांच्या बरंच बाहेर. १९७४ मध्ये 'सागर सम्राट' या जहाजाने तिथे तेल शोधलं, तेव्हा २०० मैलांचा नियम जगात पक्का व्हायचा होता. मग खोदलं कोणत्या अधिकाराने?

शाळेच्या भूगोलात 'समुद्रबूड जमीन' शिकवतात. किनाऱ्याची जमीन पाण्याखालून पुढे उथळ उतरत जाते, तो भाग. हा तळ म्हणजे त्या देशाच्या भूमीचंच पुढचं टोक, हे तत्त्व तोवर मान्य झालं होतं. १९६३ च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने कलम २९७ मध्ये समुद्रबूड जमिनीतली संपत्ती केंद्राच्या मालकीची केली. म्हणून बॉम्बे हायचं तेल कायद्याने केंद्राचं आहे, महाराष्ट्राचं नाही.

मासेमारीतही हीच रेघ आडवी येते. १२ मैलांच्या आत राज्याचा मासेमारी कायदा आणि मत्स्यव्यवसाय विभागाची गस्ती नौका. त्याच्या बाहेर केंद्राचा अधिकार. एलईडी दिवे लावून मासेमारी करणारी बोट १२ मैलांपलीकडे सरकली की राज्याच्या अधिकाऱ्याचे हात बांधले जातात, ही पारंपरिक मच्छीमारांची तक्रार रत्नागिरी-सिंधुदुर्गात सतत ऐकू येते. कागदावरच्या मैलांचा ताटातल्या मासळीशी इतका जवळचा संबंध आहे.

चढ्ढा नेमकं काय काम करत होत्या?

परराष्ट्र खात्यात 'विधी व करार विभाग' आहे. भारत दुसऱ्या देशाशी जो करार करतो त्याचा शब्दन् शब्द इथे तपासला जातो, आणि दुसरा देश भारताला आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचतो तेव्हा बचावाची बांधणी इथे होते. चढ्ढांची बरीच सेवा या विभागात झाली. पुढे त्या त्याच्या प्रमुख, म्हणजे आंतरराष्ट्रीय कायद्याबाबत भारत सरकारच्या मुख्य सल्लागार झाल्या. त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या महिला.

आंतरराष्ट्रीय खटल्यात प्रत्येक देशाचा एक 'एजंट' असतो. इथे एजंट म्हणजे दलाल नव्हे, सरकारचा अधिकृत प्रतिनिधी. युक्तिवाद करायला नामांकित वकील असतात, त्यातले काही परदेशीही असतात. पण देशाच्या वतीने शेवटचं म्हणणं मांडतो तो एजंट, आणि तो जे कबूल करतो ते देशाने कबूल केलं असं धरलं जातं. जुने नकाशे, नौदलाच्या नोंदी, शंभर वर्षांपूर्वीचे पत्रव्यवहार गोळा करायचे, चार खात्यांची चार मतं एका निवेदनात बसवायची आणि मग परक्या देशातल्या न्यायासनासमोर उभं राहायचं, हे सगळं याच माणसाकडे येतं. निकाल विरुद्ध गेला तर वर्तमानपत्रं सरकारला झोडपतात, बाजूने लागला तर श्रेय मंत्र्यांना मिळतं. एजंटचं नाव दोन्ही वेळी कोणाच्या लक्षात राहत नाही.

बंगालच्या उपसागरातला बांध

२००९ मध्ये बांगलादेशाने भारताविरुद्ध दावा लावला. उपसागरातली दोघांची हद्द कधी ठरलीच नव्हती, आणि दोन्ही देशांनी तेल-वायू शोधण्यासाठी आखलेले पट्टे एकमेकांवर चढत होते. हा दावा पाच सदस्यांच्या लवादापुढे चालला. लवाद म्हणजे एका तंट्यापुरतं नेमलेलं न्यायमंडळ. भारताच्या एजंट होत्या नीरू चढ्ढा.

पहिला प्रश्न जमिनीचाच होता. समुद्रातली रेषा जिथून सुरू करायची तो बिंदू कोणता? फाळणीच्या वेळी रॅडक्लिफने आखलेली रेषा सुंदरबनात रायमंगल आणि हरिभंगा नद्यांच्या मुखाशी येऊन संपते. गाळाच्या या प्रदेशात नद्या पात्र बदलतात, बेटं उगवतात आणि बुडतात. १९७० च्या चक्रीवादळानंतर तिथे एक बेट वर आलं होतं. आपण त्याला न्यू मूर म्हणायचो, बांगलादेश दक्षिण तलपट्टी. त्यावर दोन्ही देशांनी हक्क सांगितला, आणि काही दशकांत ते पुन्हा पाण्याखाली गेलं. २०१३ च्या ऑक्टोबरात लवादाचे सदस्य स्वतः त्या मुखाशी जाऊन पाहणी करून आले. निकालात बेटाची जागा भारताच्या बाजूला आली.

दुसरा प्रश्न पुढच्या रेषेचा. भारताचं म्हणणं सरळ होतं : दोन्ही किनाऱ्यांपासून सारख्या अंतरावर जाणारी 'समदूर रेषा' काढा. बांगलादेशाची हरकत त्याच्या किनाऱ्याच्या आकारावर बेतलेली होती. तो किनारा आत वळलेला आहे. पश्चिमेकडून भारताची आणि पूर्वेकडून म्यानमारची समदूर रेषा काढली, तर दोन्ही रेषा पुढे जाऊन एकमेकींना भिडतात आणि बांगलादेशाचा समुद्र मध्येच खुंटतो. जर्मनीच्या बाबतीत १९६९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने हीच अडचण मान्य केली होती.

७ जुलै २०१४ रोजी निकाल लागला. लवादाने पद्धत भारताची घेतली, समदूर रेषेची. पण आत वळलेल्या किनाऱ्यामुळे होणारा अन्याय मान्य करून ती रेषा बांगलादेशाच्या फायद्याच्या दिशेला वळवली. वादात असलेल्या २५,६०२ चौरस किलोमीटरपैकी १९,४६७ चौरस किलोमीटर बांगलादेशाला मिळाले.

मग भारत हरलाच की?

तेव्हा अनेकांनी असंच म्हटलं. माझं मत वेगळं आहे, आणि त्याला आधार त्याच निकालातला आहे. २५,६०२ हा आकडा दोघांनी सांगितलेल्या रेषांमधल्या जागेचा. ज्याने रेषा जास्त पुढे सरकवून मागितली, त्याचा वाद मोठा दिसणारच. दोन्ही किनाऱ्यांना लागून असलेला सगळा समुद्र लवादाने हिशेबात घेतला, तो ४ लाख चौरस किलोमीटरहून थोडा जास्त भरला. त्याची वाटणी झाली साधारण एकास २.८१ अशी, आणि मोठा वाटा भारताचा. ढाक्याच्या बातम्यांत वादातल्या जागेचा तीन चतुर्थांश होता, दिल्लीच्या फाइलींत सगळ्या समुद्राचा. दोन्ही खरे.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे भारताने निकाल लगेच मान्य केला. लोकसंख्येने, नौदलाने, अर्थव्यवस्थेने कितीतरी मोठा देश लहान शेजाऱ्यासोबत लवादापुढे बसला आणि जे आलं ते स्वीकारलं. त्यामुळे वर्षानुवर्षं कोणी न शिवलेल्या समुद्रात दोघांनाही तेल शोधायची वाट मोकळी झाली. ज्या अधिकाऱ्याने ही बाजू मांडली त्याला मी हरलेला म्हणणार नाही.

या निकालातला एक तुकडा मात्र डोकं चक्रावणारा आहे. त्याला 'करडा भाग' म्हणतात. इथे समुद्राचा तळ बांगलादेशाचा, पण वरचं पाणी भारताच्या २०० मैलांतलं. म्हणजे तळातला वायू त्यांचा आणि पोहणारी मासळी आपली. कोकणात जमीन एकाची आणि त्यातली आंब्याची कलमं दुसऱ्याची, अशा वाटण्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे अशक्य वाटणार नाही. पण तसं राहायचं तर रोज बोलावं लागतं.

केरळसमोरचा गोळीबार

१५ फेब्रुवारी २०१२. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २०.५ सागरी मैलांवर 'सेंट अँटनी' नावाची मासेमारी बोट होती. जवळून इटलीचा झेंडा लावलेलं 'एनरिका लेक्सी' हे तेलवाहू जहाज चाललं होतं. त्यावर नेमलेल्या इटालियन नौसैनिकांनी बोटीला चाचे समजून गोळ्या झाडल्या. दोन भारतीय मच्छीमार जागीच गेले.

दोन नौसैनिकांना अटक झाली. खटला कोण चालवणार? केरळ म्हणालं आम्ही. जानेवारी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की जागा १२ मैलांच्या बाहेर असल्याने राज्याला अधिकार नाही, केंद्राने विशेष न्यायालय नेमावं. इटलीचं म्हणणं होतं की हे आमचे सैनिक, सरकारी कामावर होते, तुम्हाला अधिकारच नाही.

जून २०१५ मध्ये इटलीने लवाद मागितला, आणि तो बसेपर्यंत भारतातली कारवाई थांबवा म्हणून हॅम्बुर्गच्या न्यायालयाकडे धाव घेतली. त्या ऑगस्टमध्ये भारताच्या एजंट म्हणून तिथे चढ्ढा उभ्या होत्या. न्यायालयाने पंधरा विरुद्ध सहा मतांनी दोन्ही देशांना आपापल्या न्यायालयांतली कारवाई स्थगित ठेवायला सांगितलं. नौसैनिकांवरची भारताची सगळी बंधनं उठवा, ही इटलीची मागणी मात्र मान्य झाली नाही. मृत मच्छीमारांच्या कुटुंबीयांच्या दुःखाची नोंदही त्या आदेशात आहे.

अंतिम निवाडा २०२० मध्ये आला, तेव्हा चढ्ढा त्या पदावर नव्हत्या. लवाद म्हणाला, इटलीने भारतीय बोटीच्या मुक्त संचाराचा भंग केला, भरपाई द्यावी. अधिकार दोन्ही देशांना आहे. पण हे सैनिक सरकारी कामावर असल्याने भारतीय न्यायालयांपुढे त्यांना संरक्षण आहे. हा शेवटचा मुद्दा तीन विरुद्ध दोन मतांनी ठरला. इटलीने १० कोटी रुपये दिले : दोन्ही कुटुंबांना चार-चार कोटी आणि बोटमालकाला दोन कोटी. जून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण बंद केलं. २०२२ मध्ये रोमच्या न्यायालयानेही ते मिटवलं. गोळ्या कोणी आणि का झाडल्या याचा साक्षीपुराव्यांसह खटला शेवटपर्यंत कुठेच चालला नाही.

हे मला आजही पचत नाही. सैनिकांच्या संरक्षणाचं तत्त्व मी समजू शकतो. आपल्या नौदलाचे जवान एडनच्या आखातात चाच्यांविरुद्ध गस्त घालतात, त्यांनाही उद्या तेच कामाला येईल. पण नऊ वर्षं थांबलेल्या घरांना फक्त धनादेश मिळावा, ही या कायद्याची मोठी उणीव आहे. हा कायदा देश आणि देश यांच्यामधला आहे, माणूस त्यात देशाच्या मागे उभा असतो.

सरकारची बाजू मांडणारी व्यक्ती न्यायाधीश झाली तर निःपक्ष कशी राहणार?

शंका रास्त आहे. नियम असा की ज्या खटल्यात तुम्ही आधी एजंट किंवा वकील होता, त्यात न्यायाधीश म्हणून बसता येत नाही. पण स्वतःच्या देशाच्या दुसऱ्या खटल्यात बसता येतं. तोल राखण्यासाठी समोरच्या देशाला त्या खटल्यापुरता आपल्या पसंतीचा एक न्यायाधीश नेमता येतो. २०१५ मध्ये हेच झालं. न्यायासनावर भारताचे पी. चंद्रशेखर राव होते, तेव्हा इटलीने आपला एक न्यायाधीश नेमला. राव हेही कधीकाळी केंद्रीय विधी खात्याचे सचिव होते. न्यायालय सुरू झालं तेव्हापासून, म्हणजे १९९६ पासून २०१७ पर्यंत ते तिथे होते आणि १९९९ ते २००२ अध्यक्षही होते.

त्यांच्यानंतर चढ्ढा आल्या. तिथे निवडून गेलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. मॉरिशस आणि मालदीव यांच्या हद्दीचा तंटा ज्या विशेष पीठाने २०२३ मध्ये सोडवला, त्यात त्या होत्या, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्या न्यायालयाच्या उपाध्यक्ष झाल्या. मे २०२४ मध्ये न्यायालयाने एकमताने मत दिलं की हरितगृह वायू समुद्रात मुरतात तेव्हा ते सागरी प्रदूषणच असतं आणि ते रोखण्याची जबाबदारी देशांवर आहे. बुडत्या बेटांच्या देशांनी हे मत मागितलं होतं. बांध कुठे घालायचा यावर हयात घालवलेल्या लोकांपुढे आता पाणीच वर चढतंय हा प्रश्न आला.

निकाल ऐकलाच नाही तर?

समुद्रावर पोलीस पाठवणारं कोणी नाही. जुलै २०१६ मध्ये दक्षिण चीन समुद्राबाबत फिलिपिन्सच्या बाजूने निवाडा लागला, चीनने तो धुडकावला. रशियाने पकडलेले २४ युक्रेनियन खलाशी सोडा, असा आदेश हॅम्बुर्गने मे २०१९ मध्ये दिला. रशिया सुनावणीलाही आला नव्हता. पण सप्टेंबरमध्ये अदलाबदलीत ते खलाशी घरी पोचले आणि नोव्हेंबरमध्ये त्यांच्या नौकाही परत मिळाल्या. आदेशामुळेच सुटले असं म्हणता येणार नाही, पण त्या वाटाघाटीत तो आदेश टेबलावर होता.

पालघरच्या खलाशाला याचा काय उपयोग?

डहाणू, तलासरी भागातले अनेक जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, बोट नेईल तिकडे ते जातात, आणि पाकिस्तानने पकडलं की कराचीच्या तुरुंगात वर्षं काढतात. कच्छजवळच्या सर क्रीक या खाडीचा वाद सुटलेला नसल्याने दोन देशांमधली सागरी हद्द तिथे ठरलेलीच नाही.

सागरी करार याबाबत स्पष्ट आहे. दुसऱ्या देशाच्या अनन्य आर्थिक क्षेत्रात मासे पकडल्याबद्दल कैदेची शिक्षा देता येत नाही, दोन देशांनी आपसात तसं ठरवलं असेल तरच. वाजवी जामीन भरला की बोट आणि माणसं लवकर सोडायची असतात. तसं झालं नाही तर हॅम्बुर्गकडे जाता येतं. त्या न्यायालयाचा पहिला निकाल, डिसेंबर १९९७ चा, अशाच एका अडवलेल्या जहाजाच्या सुटकेचा होता. भारताच्या १९८१ च्या कायद्यातही हा फरक आहे : परदेशी बोट १२ मैलांच्या आत सापडली तर कैद होऊ शकते, बाहेर सापडली तर दंड.

अडतं ते इथे. हद्दच ठरलेली नसेल तर बोट १२ मैलांच्या आत होती की बाहेर, हे सिद्ध कसं करायचं? आणि न्यायालयात जायचं ते बोटीच्या देशाने किंवा त्याच्या संमतीने. पकडलेल्या खलाशाचे आईवडील परस्पर अर्ज करू शकत नाहीत. पाकिस्तानी मच्छीमारही आपल्या तुरुंगात असतात, त्यांच्या घरच्यांचीही हीच गत.

म्हणून सध्या मदार आहे ती २००८ च्या एका द्विपक्षीय करारावर. त्यानुसार दोन्ही देश दरवर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला एकमेकांच्या कैदी आणि मच्छीमारांच्या याद्या देतात. नागरिकत्वाची खातरजमा झाली की सुटकेचा मार्ग मोकळा होतो. पालघरचा एखादा मुलगा अडकला असेल तर त्याचं आधार कार्ड, बोटीची कागदपत्रं आणि तांडेलाचं नाव ताबडतोब मत्स्यव्यवसाय विभागाकडे आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्यावं. तिथून ती फाइल दिल्लीला परराष्ट्र खात्यात जाते, आणि ही खातरजमा जितकी लवकर होईल तितकं त्याचं नाव सुटकेच्या यादीत यायला सोपं जातं.